माझगावची भुते आणि माझगावचे पितर

मुंबईस येणारा पाहुणा राणीची बाग पाहतो, महालक्ष्मीचे दर्शन घेतो, चौपाटीवरची हवा खातो आणि आप्तेष्टांचा निरोप घेऊन गाडीत बसतो. माझगाव पाहावयास म्हणून कोणी मुद्दाम गेल्याचे आमच्या तरी ऐकिवात नाही. आम्ही स्वतः उभे आयुष्य परळ-लालबागच्या बाजूस काढले. तथापि माझगाव म्हणजे गोदीचे भोंगे, गुदामांच्या भिंती आणि मालमोटारींची रांग, यापलीकडे आमचेही ज्ञान फारसे नव्हते. ते ज्ञान थोडे वाढण्यास कारण झाला आमचा नऊ वर्षांचा नातू. आणि त्यास कारण झाले एक भूत.

आमच्या घरी रात्रीची जेवणे उरकल्यावर मुलांनी आमच्याभोवती बसावयाचे, अशी जुनी वहिवाट आहे. एके रात्री नातवाने सांगितले, की त्याच्या वर्गातील एक मुलगा माझगावास राहतो आणि तेथील जुन्या इगर्जेच्या कबरस्तानात पांढऱ्या झग्यातील एक बाई फिरते. तिला पाय नाहीत. मागे वळून पाहिले की ती घरापर्यंत येते. झाले! त्या रात्रीपासून चिरंजीव एकटे मोरीपर्यंत जाईनात आणि दिवा मालवू देईनात. अखेरीस सूनबाई म्हणाल्या, "मामंजी, याची समजूत आता तुम्हीच घाला. आमचे तो ऐकत नाही."

"भूत नसते" असे एका वाक्यात सांगून मोकळे होणे सोपे होते. परंतु तसे आमच्याने सांगवेना. कारण हीच गोष्ट, हाच झगा आणि हीच बाई घेऊन, आम्ही स्वतः एके काळी दुसऱ्या एका भिंतीजवळ मुलांस सांगितली होती आणि त्याबद्दल आम्हांस पुढे मान खाली घालावी लागली होती. ती हकीकत ओघाने पुढे येईलच. तूर्त इतकेच, की आम्ही नातवास म्हटले, "रविवारी आपण माझगावास जाऊ. ज्या गावी भूत आहे, ते गाव तरी पाहून घेऊ."

हार्बर मार्गावरील डॉकयार्ड रोड हे स्थानक उंचावर आहे. तेथे उतरले म्हणजे एका अंगास गोदीची क्रेने आणि दुसऱ्या अंगास टेकडी दिसते. आज येथे चोहोंकडे जमीनच जमीन आहे. परंतु ज्या सात बेटांची मिळून मुंबई झाली, त्यांपैकी माझगाव हे एक बेट होय. नावाच्या व्युत्पत्तीविषयी मतभेद आहेत. कोणी 'मत्स्यग्राम' म्हणतात, कारण येथील मूळ वस्ती कोळ्यांची. कोणी 'मध्यग्राम' म्हणतात. 'मध्य' या शब्दापासून प्राकृतात 'मज्झ' होतो आणि त्यापासून 'माझ' होणे व्याकरणास धरूनच आहे. आणि भोळीभाबडी माणसे 'माझे गाव' असा सरळ अर्थ करतात. संस्कृताच्या अभिमानामुळे आमचा ओढा दुसऱ्या मताकडे होता. दिवस मावळेपर्यंत तो तिसऱ्याकडे वळला, हे आताच सांगून ठेवतो.

पोर्तुगीज अमलात, सन १५७२ मध्ये, पोर्तुगालच्या राजाने हे बेट डिसोझा ई लीमा या घराण्यास वंशपरंपरेने दिले. पुढे १६३२ मध्ये येथे फ्रान्सिस्कन पंथाच्या पाद्र्यांची 'ग्लोरिया' नावाची इगर्ज उभी राहिली. इगर्ज हा शब्द पोर्तुगीजच. आपल्या कोकणात तो इतका रुळला की परका वाटत नाही. मुंबई बेट इंग्रजांच्या हाती आले १६६५ मध्ये. म्हणजे ही इगर्ज इंग्रजी राज्याहूनही वडील. १८१० मध्ये तिची नवी इमारत झाली. विसाव्या शतकाच्या आरंभी शहराची नवी आखणी होऊ लागली, तेव्हा १९११ च्या सुमारास ती जुनी वास्तू पाडण्यात आली आणि १९१३ पर्यंत भायखळ्यास नवी ग्लोरिया इगर्ज उभी राहिली. तिचे उंच मनोरे आजही रस्त्यावरून दिसतात. देव असा माझगावातून भायखळ्यास गेला.

देव जातो, परंतु जुन्या इगर्जेत देवाबरोबर माणसेही असत. मृतांस इगर्जेच्या आत, फरसबंदीखाली आणि सभोवतालच्या आवारात पुरावयाचे, ही पोर्तुगीजांची रीत होती. कबरीवर सपाट शिळा बसवावयाची आणि प्रार्थनेस येणाऱ्यांनी त्या शिळांवरून चालत जावयाचे. आपल्याकडे घर आणि स्मशान यांच्यामध्ये नदी, निदान ओढा तरी असावा लागतो. त्यांच्याकडे मृत हे गावच्या मधोमध, देवाच्या पायथ्याशी. अशी वास्तू जेव्हा उठते, तेव्हा मूर्ती नेता येतात, घंटा नेता येते, नावसुद्धा नेता येते. तीन शतकांच्या मातीचे काय करावयाचे, हा प्रश्न मात्र उरतो. वास्तू गेली की शिळा जातात, शिळांबरोबर नावे जातात आणि नावे गेली की लोकांच्या तोंडी उरते ते एवढेच, की 'येथे पूर्वी कबरस्तान होते हो!' या वाक्याच्या शेपटास भूत आपोआप चिकटते.

भुताची कथा कशी जन्मते, याचे उत्तम उदाहरण माझगावातच आहे आणि ते कागदोपत्री नमूद आहे. अठराव्या शतकात माझगावात 'बेल्व्हिडिअर' नावाचा एक बंगला होता. त्यात कंपनी सरकारचे एक बडे अंमलदार डॅनियल ड्रेपर राहत. त्यांची पत्नी एलायझा. हिचा जन्म १७४४ चा, केरळच्या किनाऱ्यावरील अंजेंगो येथला. १७५८ मध्ये मुंबईत तिचे लग्न झाले, तेव्हा ती चौदा वर्षांची होती आणि नवरा तिच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठा. आमच्या वाचकभगिनींस यात नवल वाटणार नाही. आपल्याही पणज्यांची लग्ने अशीच झाली. पुढे एलायझा मुलांस घेऊन विलायतेस गेली. तेथे १७६७ मध्ये लॉरेन्स स्टर्न या प्रख्यात कादंबरीकाराशी तिची ओळख झाली आणि त्याने तिला लिहिलेल्या पत्रांमुळे तिचे नाव इंग्रजी वाङ्मयात कायमचे राहिले. परत आल्यावर संसार सुखाचा झाला नाही. १७७३ च्या जानेवारीत एके रात्री ती बेल्व्हिडिअरमधून निघाली आणि बंदरात उभ्या असलेल्या आरमारी जहाजावरील सर जॉन क्लार्क यांच्या आश्रयास गेली. खिडकीतून दोराच्या आधाराने उतरली, असे सांगतात. त्यानंतर त्या बंगल्यात ती पुन्हा आली नाही.

आली नाही ती जिवंतपणी. मेल्यावर मात्र ती तेथेच फिरते, असे माझगावचे लोक म्हणू लागले. एकोणिसाव्या शतकात मुंबईचा इतिहास लिहिणाऱ्या जेम्स डग्लस या लेखकाने ही दंतकथा नमूद केली आहे, की जुन्या धर्तीच्या घेरदार झग्यात एलायझाचे भूत बंगल्याच्या सज्जांतून व दालनांतून वावरताना दिसते. आमच्या नातवाची 'पांढऱ्या झग्यातील बाई' आणि ही बाई एकच की काय, हे शपथेवर सांगता येणार नाही. पण दोघींचा शिंपी एकच असावा!

आता गंमत पाहा. एलायझा वारली १७७८ मध्ये, विलायतेत, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी. ब्रिस्टल शहराच्या मुख्य चर्चमध्ये तिचे सुंदर संगमरवरी स्मारक आहे. म्हणजे जिचा देह सात समुद्रांपलीकडे रीतसर विसावला, तिचे भूत माझगावात! येथे ती मेली नाही, येथे तिला पुरले नाही, येथे तिचा खून नाही की आत्महत्या नाही. येथे राहिली होती ती केवळ तिची गोष्ट. बंगला पुढे नामशेष झाला, तरी गोष्ट राहिली.

ही गोष्ट आम्ही नातवास भंडारवाड्याच्या टेकडीवर बसून सांगितली. या टेकडीवर इंग्रजांचा लहानसा किल्ला होता. १६८९ मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दी याकूतखानाने शिवडीस उतरून माझगाव काबीज केले आणि वर्षभर मुंबईच्या कोटास वेढा दिला. १६९० मध्ये तो परत गेला, पण जाताना माझगावचा किल्ला उद्ध्वस्त करून गेला. पुढे १८८४ मध्ये येथे पाण्याचा मोठा तलाव बांधला गेला आणि आज त्याच्या माथ्यावर जोसेफ बॅप्टिस्टा उद्यान आहे. वरून सारे बंदर दिसते. दक्षिणेकडे बोट दाखवून आम्ही नातवास म्हटले, "तिकडे व्हिक्टोरिया गोदी होती. १९४४ च्या एप्रिलच्या चौदा तारखेस तेथे 'फोर्ट स्टायकीन' नावाच्या जहाजाने पेट घेतला. जहाजात दारूगोळा होता आणि कापूसही होता. दोन प्रचंड स्फोट झाले. शेकडो माणसे मेली. आग विझवावयास गेलेले अग्निशामक दलाचे सहासष्ट जण त्यांत गेले. कित्येकांचे देह ओळखूदेखील आले नाहीत."

नातू थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आजोबा, मग त्यांची भुते कुठे आहेत?"

वाचकहो, तीस वर्षे शिक्षकी करून आमच्या मनात जो प्रश्न आला नाही, तो या पोराने विचारला. अपमृत्यू ज्यांस म्हणावयाचे ते हे. उत्तरक्रिया ज्यांची झाली नाही ते हे. शास्त्राप्रमाणे भुते व्हावयाची तर यांची. तीच गोष्ट प्लेगची. १८९६ च्या सप्टेंबरात येथून जवळच मांडवीस डॉक्टर व्हिएगस यांनी प्लेगचा पहिला रोगी ओळखला आणि पुढील काही वर्षांत या बाजूची घरेच्या घरे ओस पडली. परंतु हमालांची, खलाशांची, प्लेगने गेलेल्या बायापोरांची भुते कोणी पाहिल्याचे ऐकिवात नाही. भूत मिळाले ते कादंबरीकाराच्या मैत्रिणीस! यावरून आमची अशी समजूत झाली, की भूत हे मृताचे नसते, ते जिवंतांच्या जिभेचे असते. ज्याची गोष्ट सांगावयास रंगतदार, त्याचे भूत होते. ज्याची गोष्ट सांगितल्याने आपल्यालाच लाज वाटावी, त्याचे होत नाही.

आपल्या जुन्या भूतविद्येकडे पाहिले तरी हेच दिसते. सोडमुंजीपूर्वी मेलेला बटू तो मुंज्या, त्याने पिंपळावर राहावे. ब्राह्मणाचे भूत तो ब्रह्मसमंध. सवाष्ण मेली तर जखीण. कोळ्या-खारव्यांचे ते झोटिंग. जिवंतपणी माणसाला चिकटलेली जात मेल्यावर भुतालाही सुटली नाही! इंग्रज आले तेव्हा मड्डमेचे भूत या यादीत दाखल झाले, इतकेच. बाकी डोळ्यांस जे दिसते, त्याची कारणे शोधू गेल्यास सापडतात. गव्हाणी घुबडास जुने मनोरे व पडकी घरे फार प्रिय. त्याचे तोंड व पोट पांढरे असते, पंखांचा आवाज मुळीच होत नाही आणि ओरडणे असे की अंगावर काटा यावा. अंधारात असा पक्षी डोक्यावरून गेला, तर पांढऱ्या झग्यास पाय कसे असणार?

भंडारवाड्याच्या टेकडीवरून उतरून आम्ही माथारपाखाडीत शिरलो. पाखाडी म्हणजे दगडांनी बांधलेली चढउताराची पायवाट, हे कोकणातील वाचकांस सांगावयास नको. गगनचुंबी इमारतींच्या पायाशी अजून हे एक खेडे जीव धरून आहे. लाकडी जिने, नक्षीदार कठडे, कौले, दारात तुळशीच्या जागी क्रूस. राहणारे बहुतेक ईस्ट इंडियन ख्रिस्ती. नाव इंग्रजी असले तरी ही माणसे अस्सल येथली. त्यांची घरची बोली मराठी. १८८७ मध्ये त्यांनी हे नाव घेतले, ते बाहेरून आलेल्या ख्रिस्ती लोकांहून आपण निराळे, मूळचे, हे सरकारास कळावे म्हणून. मुंबईच्या अशा गावठाणांतून जे क्रूस उभे आहेत, त्यांपैकी कित्येक प्लेगच्या दिवसांत, गाव वाचावे म्हणून उभारलेले आहेत. आपण मरीआईची यात्रा केली, त्यांनी क्रूस उभारला. भीती एकच होती.

याच पाखाडीत १८६४ मध्ये जोसेफ बॅप्टिस्टा यांचा जन्म झाला. ज्यांच्या नावाचे उद्यान आम्ही नुकतेच पाहिले, तेच हे. 'काका बॅप्टिस्टा' हे नाव आमच्या आजोबांच्या तोंडी नेहमी असे. लोकमान्य टिळकांचे हे निकटचे सहकारी. १९१६ मध्ये लोकमान्यांनी होमरूल लीग स्थापली, तेव्हा तिचे अध्यक्षपद त्यांनी बॅप्टिस्टांस दिले. १९२५ मध्ये ते मुंबईचे महापौर झाले. गिरणी कामगार व टपाल कामगार यांच्यासाठी ते झटले. टिळकांचे नाव घरोघर घेणाऱ्या आमच्यासारख्यांस त्यांच्या या मित्राचे घर कोणत्या गल्लीत होते हे ठाऊक नसावे आणि त्याच गल्लीतील काल्पनिक भूत मात्र आमच्या नातवंडांस ठाऊक असावे, याची आम्हांस त्या ठिकाणी खरोखर शरम वाटली.

माझगाव हे मृतांच्या बाबतीत मोठे उदार गाव आहे. येथील हसनाबादेत, १८८१ मध्ये निवर्तलेल्या पहिल्या आगाखानांचा घुमटदार मकबरा आहे. रहमताबादेत इराणातून आलेल्या शिया मुसलमानांची दफनभूमी आहे. नवाब टँक रस्त्यावर १९१९ मध्ये चिनी खलाशी व कारागीर यांनी बांधलेले लहानसे देऊळ आहे. १७८७ मध्ये रोझा नेस्बिट या बाईने बांधविलेल्या प्रार्थनामंदिरातून सेंट ॲन इगर्ज झाली आणि तिच्याच घराण्याचे नाव नेस्बिट रस्त्यास मिळाले. देशोदेशींची माणसे येथे पोटासाठी आली आणि येथल्याच मातीची झाली. मातीने कोणास 'तू कोणाचा?' म्हणून विचारले नाही.

आता तो राहिलेला प्रमाद सांगणे प्राप्त आहे.

वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. शिवडीच्या चिखलात त्या सुमारास रोहित पक्ष्यांचे थवे येऊ लागले होते. ते दाखवावयास आम्ही इयत्ता सहावीची मुले घेऊन गेलो. बरोबर इंग्रजीचे एक शिक्षक होते; माझगावचे राहणारे, ईस्ट इंडियन, अत्यंत मितभाषी. परत येताना तिन्हीसांज झाली. परळकडे पायी येताना शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीची लांबच लांब भिंत लागते. मुले दमली होती, रेंगाळत होती. पाय उचलावेत म्हणून आम्ही हळूच सांगितले, "अरे, या भिंतीआड पांढऱ्या झग्यातली एक बाई हिंडते. जो मागे राहील, त्याच्या पाठीवर ती हात ठेवते." मात्रा अशी लागू पडली, की मुले धावतच सुटली. आम्हांस आपल्या युक्तीचे कौतुक वाटले. आमचे सहकारी सर्वांच्या मागून, दोन लहानग्यांचे हात धरून, सावकाश येत होते. ते काही बोलले नाहीत.

नोव्हेंबरच्या एक तारखेस शाळा सुटताना ते आमच्याजवळ आले आणि म्हणाले, "गुरुजी, उद्या संध्याकाळी मोकळे आहात काय? माझ्याबरोबर थोडे यायचे आहे." नोव्हेंबरची दोन तारीख ही ख्रिस्ती लोकांची सर्वपित्री होय, हे तेव्हा आम्हांस ठाऊक नव्हते. त्यांनी आम्हांस त्याच भिंतीच्या आत नेले. शिवडीची ही दफनभूमी १८६५ मध्ये, आर्थर क्रॉफर्ड म्युनिसिपल कमिशनर असताना सुरू झाली. व्हिक्टोरिया टर्मिनसचे शिल्पकार स्टीव्हन्स येथेच आहेत आणि काका बॅप्टिस्टाही येथेच आहेत. त्या संध्याकाळी मात्र आम्हांस दिसली ती शेकडो कुटुंबे. कोणी कबरीवरचे गवत उपटीत होते, कोणी पाण्याने शिळा धूत होते, कोणी झेंडूच्या माळा घालीत होते. म्हाताऱ्या बायका मेणबत्त्या लावून ओठांतल्या ओठांत काही पुटपुटत होत्या. मुले कबरींमधून खेळत होती आणि कोणी त्यांस रागे भरत नव्हते. भय नावाला नव्हते. आपल्याकडे नदीच्या घाटावर सर्वपित्रीस जी गर्दी आणि जी शांतता असते, तीच तेथे होती.

आमचे सहकारी एका कोपऱ्यात थांबले. वीतभर उंचीचा एक क्रूस आणि त्याखाली हातभर जागा. त्यांची मुलगी चार वर्षांची असताना तापाने गेली होती. त्यांनी मेणबत्ती लावली, वारा लागू नये म्हणून हाताचा आडोसा धरला आणि आमच्याकडे न पाहता म्हणाले, "गुरुजी, तुम्ही सांगितलेली पांढऱ्या झग्याची बाई मी येथे कधी पाहिली नाही. दिसती तर तिला एक विचारले असते. रात्री आमच्या पोरीला भीती वाटते काय, म्हणून."

आमच्या तोंडून शब्द फुटला नाही. त्या दिवशीचा तो प्रसाद आम्ही आजवर कोणास सांगितला नव्हता.

पुढे आम्हांस कळले, की मुंबईत जागेची टंचाई असल्यामुळे असल्या लहान कबरी कायमच्या राहत नाहीत. काही वर्षांनी जागा दुसऱ्यास द्यावी लागते आणि अस्थी भिंतीतील कोनाड्यात ठेवतात. त्या मुलीच्या अस्थींचे तसेच झाले. काही वर्षांपूर्वी आमचे ते स्नेहीही गेले. दोघांची नावे आज एकाच पाटीवर आहेत.

'भूत' या शब्दाचा मूळ अर्थ आहे 'झालेले', 'होऊन गेलेले'. म्हणूनच आपण भूतकाळ म्हणतो. 'प्रेत' म्हणजे 'पुढे गेलेला'. दोन्ही शब्दांत भयाचा अंश नाही. आपल्या शास्त्राने गेलेल्याची प्रेत ही अवस्था थोडक्या दिवसांची मानली आहे. सपिंडीकरणाने प्रेताचा पितर होतो. आणि तो होतो कशाने, तर नाव व गोत्र उच्चारून, बाप, आजा व पणजा यांच्याशी त्याचा पिंड मिळविल्याने. म्हणजे ज्याचे नाव कोणी घेतो तो पितर, ज्याचे नाव घेणारा कोणी उरला नाही तो भूत. इतका सोपा अर्थ असलेला विधी आम्ही किती वेळा केला. परंतु त्याचा अर्थ आम्हांस शिकविला तो एका ख्रिस्ती शिक्षकाने, एका मेणबत्तीच्या उजेडात.

असेच एक उदाहरण अंधेरीच्या बाजूस आहे. सेंट जॉन बॅप्टिस्ट या नावाची १५७९ ची एक जुनी इगर्ज तेथील औद्योगिक वसाहतीच्या आवारात पडक्या स्थितीत आहे. १८४० च्या सुमारास साथीच्या रोगामुळे लोकांनी ती सोडून मरोळास नवी बांधली. तिच्याविषयी आज भुताखेतांच्या नाना कथा सांगतात. परंतु तेथील ख्रिस्ती कुटुंबे वर्षातून एकदा त्या छप्पर नसलेल्या भिंतींत जमतात आणि पूर्वजांसाठी प्रार्थना करतात. त्यांस तेथे भूत दिसत नाही. त्यांस तेथे आपले आजे-पणजे दिसतात.

माझगावाहून परत येताना आम्ही डॉकयार्ड रोडवरून सरळ शिवडीचे तिकीट काढले. दफनभूमीच्या फाटकाबाहेर चार झेंडूची फुले घेतली. नातवाने आमचा हात घट्ट धरला होता. काका बॅप्टिस्टांच्या कबरीपाशी त्यास म्हटले, "हे लोकमान्यांचे मित्र." त्याने फूल ठेवले. मग कोनाड्यांच्या भिंतीपाशी गेलो आणि त्यास ती दोन नावे वाचावयास सांगितली. त्याने ती मोठ्याने, अडखळत, शाळेत हजेरी घ्यावी तशी वाचली. मुलीच्या नावाखालची वर्षे पाहून त्याने बोटांवर हिशेब केला आणि म्हणाला, "आजोबा, ही तर आपल्या छकुलीएवढी होती."

बाहेर पडलो तेव्हा दिवेलागण झाली होती. भिंतीच्या कडेने जाताना नातवाने एकदा मागे वळून पाहिले. भ्यायला असेल म्हणून आम्ही विचारले, तर म्हणाला, "नाही. तिच्याजवळ मेणबत्ती लावायची राहिली."

नित्याच्या तर्पणात आपल्या गोत्रजांनंतर, ज्यांस कोणी बांधव नाही त्यांच्यासाठीही एक ओंजळ सोडण्याची आज्ञा आहे. निपुत्रिक भीष्मास तर सर्वांनीच पाणी द्यावयाचे. ही ओंजळ आम्ही आजवर मंत्र म्हणून सोडीत आलो. येत्या नोव्हेंबरच्या दोन तारखेस, प्रकृती ठीक राहिल्यास, नातवास घेऊन शिवडीस जाण्याचा आमचा विचार आहे. मेणबत्त्या त्याने आतापासूनच आणून देवघराच्या फडताळात ठेवल्या आहेत आणि रात्री मोरीपर्यंत तो आता एकटा जातो.